तीन दिवसांचा महोत्सव आणि दहा महिन्यांचं बाळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मोठी मुलगी साडेतीन वर्षांची, धाकटा दहा महिन्यांचा. मुलं होण्याआधी सलग नऊ वर्षं तुम्ही दोघं आणि मित्रमैत्रिणींची टोळी एका तीन दिवसांच्या संगीत महोत्सवाला जात होता, तंबू ठोकून राहत होता. गेली चार वर्षं जाणं झालेलं नाही. त्या आठवड्यात फोनवर फोटो यायला लागले की पोटात कालवतं, आणि मग असं वाटल्याची स्वतःलाच लाज वाटते. मुलांना घेऊनच जावं, की ती मोठी होईपर्यंत हा विषय डोक्यातून काढून टाकावा, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही नको. मुलांना तुमच्या महोत्सवात नेऊ नका, आणि तुमचा महोत्सव सोडूनही देऊ नका. तुम्ही एकट्या जा, एका संध्याकाळपुरत्या. मुलीला न्यायचं असेल तर वेगळ्या दिवशी, वेगळ्या ठिकाणी, दुपारच्या वेळी न्या. या दोन सहली एकत्र केल्या की दोन्ही वाया जातात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता त्यावर वाद घालत नाही.

मी गेली बावीस वर्षं महोत्सवांमध्ये साउंडचं काम करतो. स्टेजसमोर, गर्दीच्या मधोमध एक मचाणासारखा चौथरा असतो; तिथे मिक्सरमागे जो वैतागलेला माणूस उभा असतो, तो मी. त्या जागेवरून गर्दी फार छान दिसते. पहिल्या दिवशी दुपारी बाबागाडी ढकलत उत्साहाने येणारी जोडपी दिसतात. गाडीची चाकं चिखलात रुततात, मग दोघं ती पालखीसारखी उचलून आणतात, हसत हसत. रात्री नऊला तीच जोडपी बाहेरच्या वाटेला लागलेली दिसतात. एकाच्या खांद्यावर मूल, दुसऱ्याच्या हातात घडी घातलेली गाडी, आणि दोघांत बोलणं बंद. ज्याच्यासाठी आले तो कलाकार साडेनऊला स्टेजवर येणार असतो.

आता एक कबुली. आमची मोठी मुलगी झाली त्यानंतरच्या तीन वर्षांत मी अकरा महोत्सव केले. बायकोने एकही नाही. आमची ओळखच मुळी एका महोत्सवात झाली होती आणि ऐकणारी खरी ती. मी फक्त आवाज नीट पोचतोय का ते बघणारा. घरी आल्यावर ती विचारायची, कसं झालं? मी म्हणायचो, कसलं काय, नुसतं काम होतं. हे खरंच होतं. पण जिला जायला मिळालं नाही तिला हे ऐकवणं म्हणजे जखमेवर मीठ, हे मला तेव्हा कळलं नाही. एकदा मी मोठ्या उदारपणे म्हटलं, "पुढच्या वेळी तुम्ही दोघी या माझ्याबरोबर, मी पास काढतो." ती म्हणाली, "मला गाण्याची उणीव नाही जाणवत रे. चार तास कुणी मला हाक मारायला नको आहे."

तुम्हाला नेमकी कशाची उणीव जाणवतेय हे आधी शोधा, असं मी म्हणतो ते त्या वाक्यामुळे. महोत्सव ही एक गोष्ट नसते. त्यात गाणं असतं. छातीत घुमणारा खर्ज असतो, जो फोनच्या किंवा टीव्हीच्या स्पीकरमधून येऊच शकत नाही, कारण तेवढी हवा हलवण्याइतके ते मोठे नसतात. ठरावीक माणसं वर्षातून एकदा भेटतात. आणि सगळ्यात मोठी चैन म्हणजे बेहिशेबी वेळ: इकडे जावं की तिकडे, आता झोपावं की नंतर, कुणाला विचारायचं नाही. यातलं गाणं तुम्हाला घरबसल्या मिळू शकतं. लंडनच्या प्रॉम्स महोत्सवाची प्रत्येक मैफल बीबीसी रेडिओवर थेट लागते. अमेरिकेतल्या कोचेला महोत्सवाचं थेट प्रक्षेपण २०११ पासून यूट्यूबवर असतं. तरी तुमच्या पोटात कालवायचं थांबत नाही, म्हणजे दुखणं गाण्याचं नाही. (एक अनुभवाचा सल्ला: थेट प्रक्षेपण बाळ मांडीवर घेऊन बघू नका. चार मिनिटं बघून होतात, पाचव्याला उठावं लागतं आणि आपण दोनदा मुकल्यासारखं होतं. नंतर कधीतरी शांतपणे बघा.)

फोटोंबद्दलही आतल्या माणसाचं जरा ऐका. जे तिथे असतात त्यांचंही बरंच काही हुकतं, फक्त त्याचा फोटो कुणी काढत नाही. इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी महोत्सवासारख्या ठिकाणी एकाच वेळी डझनावारी स्टेजं चालू असतात. तिथे पाच दिवस राहणारा माणूससुद्धा कार्यक्रमांचा छोटासा कोपराच पाहतो. अमेरिकेतल्या १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवाचं घ्या. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं तिथलं वादन आज सगळ्यांच्या तोंडी आहे, पण ते झालं सोमवारी सकाळी, रविवारचा कार्यक्रम लांबत लांबत गेल्यावर, आणि तोवर गर्दीतले बहुतेक लोक घरी निघाले होते. आणि त्या महोत्सवावरचं जे गाणं सर्वांना माहीत आहे ते लिहिणारी गायिका जोनी मिचेल तिथे गेलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर कार्यक्रम होता म्हणून तिला थांबवलं गेलं, आणि तिने ते सगळं हॉटेलच्या खोलीतून बातम्यांत पाहिलं. याने तुमचं समाधान होईल असं मला वाटत नाही. पण फोटोतली माणसं संडासाच्या रांगेत किती वेळ उभी होती, हे मला चौथऱ्यावरून दिसतं, एवढं लक्षात असू द्या.

आता मुलांना नेण्याचं बोलू. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण हा माझा विषय आहे आणि यात गैरसमज फार.

मोठ्या स्टेजसमोर आमच्या मीटरवर सरासरी ९५ ते १०० डेसिबल ही रोजची गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सार्वजनिक कार्यक्रमांसाठी जे मानक दिलं त्यात १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं म्हटलंय. लोक हा आकडा वाचून म्हणतात, म्हणजे १०० पर्यंत चालतं. तसं नाही. कारखान्यात काम करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थेचं जे गणित वापरलं जातं ते असं: ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, १०० ला पंधरा मिनिटं. हे धडधाकट प्रौढ कानांचं झालं. फोन-हेडफोनवर ऐकण्यासाठी त्याच आरोग्य संघटनेने मोठ्यांना आठवड्याला ४० तास ८० डेसिबल धरले आहेत आणि मुलांना त्याच ४० तासांसाठी ७५. बाळाची कानाची नळी अरुंद आणि आखूड असते, त्यामुळे त्याच आवाजाचा दाब तिच्या आत जास्त पडतो. शिवाय बाळ म्हणू शकत नाही की कानात शिट्टी वाजतेय. ते रडतं, आपण म्हणतो दात येताहेत.

दोन्ही कान झाकणारे इअरमफ आहेत की, असं तुम्ही म्हणाल. आहेत, आणि नेलंच तर लावल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. पण खोक्यावर जे वीस-पंचवीस डेसिबल लिहिलेले असतात ते प्रयोगशाळेतल्या न हलणाऱ्या डोक्यावर मोजलेले असतात. तुमचं दहा महिन्यांचं बाळ किती वेळ न हलता बसतं ते तुम्हाला ठाऊक आहे. टोपीवरून लावला, केस मध्ये आले, एका बाजूला कलला की त्यातले बरेच डेसिबल गळतात. आणि इअरमफ अडवतो तो वरचा आवाज. ढोलाचा, बेसचा खालचा आवाज त्यातून बऱ्यापैकी आत जातो. फोमचे बोळे एवढ्या लहान मुलांना मुळीच नकोत. काढून तोंडात घातले की घशात अडकतात.

मग लोक म्हणतात, आम्ही अगदी मागे उभे राहतो. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, हे शाळेतलं गणित; ते एका छोट्या स्पीकरला लागू पडतं. मोठ्या स्टेजच्या दोन्ही बाजूंना केळीच्या घडासारखे जे स्पीकर लटकतात, ते मुद्दाम असे बनवलेले असतात की आवाज लांबपर्यंत उतरूच नये. बऱ्याच अंतरापर्यंत तो दुपटीला तीनेक डेसिबलनेच कमी होतो. त्यावर आम्ही मैदानाच्या मध्यात आणखी मनोरे उभे करतो, मागच्यांना नीट ऐकू यावं म्हणून. त्यांना डिले टॉवर म्हणतात. "आम्ही मागे आहोत" म्हणून निश्चिंत असलेली आईबापं कितीदा तरी नेमकी त्या मनोऱ्याच्या पुढ्यात चटई टाकून बसलेली असतात. आमचा एक पोऱ्या मी खास त्यांना उठवायला पाठवतो. बरेच जण उठत नाहीत, सावली चांगली आहे म्हणतात.

आणि तंबू. तुम्ही नऊ वर्षं तंबूत झोपलात म्हणजे तुम्हाला हे माहीत असणार, फक्त कारण माहीत नसेल: रात्री स्टेज दिवसापेक्षा जवळ आल्यासारखं का वाटतं? दिवसा जमीन तापलेली असते आणि आवाज वर वळून निघून जातो. रात्री जमिनीलगतची हवा गार पडते, वरची त्यामानाने उबदार राहते, आणि आवाज खाली वाकतो. दुपारी ज्या कोपऱ्यात सामसूम होती तिथे रात्री अकराला बेस स्पष्ट येतो. तंबूचं कापड बेसला काहीही करत नाही. दहा महिन्यांच्या मुलाला दिवस-रात्र मिळून १२ ते १६ तास झोप लागते, साडेतीन वर्षांच्या मुलीला १० ते १३. तीन रात्रींत ती किती भरेल याचा हिशोब तुम्हीच करा. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या तंबूत कुणाला राहायचं असेल, मला तरी नाही.

बैठकीच्या महोत्सवांत, म्हणजे १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवासारख्या ठिकाणी, प्रश्न उलटा असतो. तिथे आवाज मुलाला त्रास देत नाही, मूल आवाजाला देतं. विलंबित ख्यालाची बढत चालली आहे, गायक एकेक सूर पायरीसारखा ठेवतोय आणि आपल्या मांडीवरचं बाळ आता किंचाळणार हे आपल्याला दोन सेकंद आधी कळतं. त्या दोन सेकंदांची जी धास्ती असते तीत ऐकणं नावाची गोष्ट उरत नाही. रांगेच्या कडेला, दाराजवळ बसून अर्धा तास ऐकायचा असेल तर जरूर बसा. पूर्ण राग ऐकायचा मनसुबा करू नका.

मुलांसाठी मुद्दाम आखलेले महोत्सव आहेत आणि त्यांना माझा अजिबात विरोध नाही. इंग्लंडमधला कॅम्प बेस्टिव्हल २००८ मध्ये कुटुंबांसाठीच म्हणून सुरू झाला. शिकागोच्या लोलापलूझात २००५ पासून मुलांचा वेगळा विभाग आहे, त्याला किड्झपलूझा म्हणतात. ग्लास्टनबरीत किड्झफील्ड आहे, आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट लागत नाही. उलट बेल्जियमच्या टुमॉरोलँडमध्ये अठराच्या आतल्यांना प्रवेशच नाही. हे मला प्रामाणिक वाटतं. तिकीट लागत नाही म्हणजे सोय आहे असा अर्थ लोक काढतात, तो काढू नका. अशा ठिकाणी जायचं तर मनाशी पक्कं करून जा की हा मुलीचा दिवस आहे. तिला मातीत खेळायचं असेल, एकाच जादूगाराचा खेळ तीनदा बघायचा असेल, सनईवाल्याच्या पुढ्यात तासभर नुसतं उभं राहायचं असेल, तर तेच करायचं. तुमचा आवडता कलाकार त्याच वेळी पलीकडच्या स्टेजवर असला तरी मान तिकडे वळवायची नाही. दुपारी जा, दिवेलागणीच्या आत निघा, मुक्काम करू नका.

"तिच्या आठवणीत राहील" असंही बरेच जण म्हणतात. साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं माणसाला मोठेपणी सहसा आठवत नाही. तुमच्या मुलीला कदाचित एखादा लाल फुगा आठवेल. बाळाला काहीच नाही. आठवण तुमची असेल, आणि ती तुमची आहे म्हणून काही बिघडत नाही. फक्त तिचं ओझं मुलांवर टाकायला नको.

दुसरा पर्याय, म्हणजे मुलं मोठी होईपर्यंत थांबणं. हा पर्याय दिसायला शहाणपणाचा, पण मला पहिल्यापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो. माझ्याबरोबर लाइट्सचं काम करणारा एक जण दहा वर्षं म्हणत होता, धाकटी शाळेत रुळू दे. रुळली. तोवर त्याच्या टोळीतले दोघं परदेशी गेले होते, एकाचा घटस्फोट झाला होता, त्याच्या स्वतःच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता, आणि त्यांचा तो महोत्सवच बंद पडला होता. महोत्सव बंद पडतात हो, सारखे पडतात. थांबून पूर्वीचंच परत मिळेल ही आशा मी तुम्हाला देणार नाही.

ग्लास्टनबरी ज्या शेतावर भरतो ते दुधाच्या गाईंचं शेत आहे. दर काही वर्षांनी तिथले लोक जमीन पडीक ठेवतात, महोत्सव घेत नाहीत; २०१८ ला घेतला नव्हता, २०२६ लाही नाही. त्या वर्षी गाई चरतात, गवत वर येतं. तुमची चार वर्षं पडीक गेली, ठीक आहे, जमिनीला हवीच होती. पण पडीक वर्ष संपलं की तो शेतकरी परत कुंपण घालतो, पाण्याचे नळ टाकतो, तिकिटं काढतो. आपोआप काही होत नाही.

तर एकटीने, एका संध्याकाळपुरतं जायचं कसं. तीन दिवसांचा पास घेऊ नका, मोह झाला तरी. पैसे वसूल करायचा विचार डोक्यात शिरला की संध्याकाळ नासते. एका दिवसाचं तिकीट मिळत असेल तो महोत्सव निवडा. प्रॉम्ससारखे आठ-आठ आठवडे चालणारे महोत्सव याच कारणाने पालकांना बरे, कोणतीही एक संध्याकाळ उचलता येते. दिवस निवडताना सगळ्यात मोठं नाव बघू नका. संध्याकाळी सहा ते दहाच्या मध्ये ज्या दिवशी तुम्हाला हवे असलेले दोन कलाकार आहेत तो दिवस घ्या. मोठी नावं उशिरा येतात, उशिरा सुरू होतात, आणि बाहेर पडायच्या गर्दीत तास जातो.

धाकटा अजून अंगावर पीत असेल तर त्याची तयारी महिनाभर आधीपासून. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस, आणि गोठवलेल्या पिशव्या घातलेल्या थर्मल बॅगेत चोवीस तास टिकतं. घरी राहणाऱ्याने ते आधी दोन-तीनदा पाजून बघितलेलं असावं. त्या संध्याकाळी पहिला प्रयोग नको. तुम्ही सहा-सात तास बाहेर म्हणजे मध्ये एकदा पंप करावाच लागेल, नाहीतर छाती दुखून हैराण व्हाल आणि गाठ झाली तर ताप येईल. प्रथमोपचाराच्या तंबूत विचारा, बहुतेक ठिकाणी आडोसा देतात. आमच्याकडे एकदा एका आईला साउंडच्या सामानाच्या ट्रकमध्ये जागा करून दिली होती, बाहेर मी राखण करत उभा. प्यायचं असेल तर प्रत्येक पेल्यामागे पुन्हा पाजण्याआधी किमान दोन तास जाऊ द्या.

फोनचं आधीच ठरवा. महोत्सवात हजारो लोक एकाच टॉवरवर असतात, कॉल लागत नाहीत, आणि न लागलेल्या कॉलने आईच्या डोक्यात काय काय येतं ते सांगायला नको. घरच्याला सांगा: साडेआठला एक मेसेज, "झोपला" किंवा "नाही झोपला", बस. मेसेज कॉलपेक्षा बरा पोचतो. बाळाचा रडका फोटो पाठवायचा नाही. हसरा तर त्याहून नाही.

स्वतःच्या कानांत प्लग घाला. नऊ वर्षं घातले नसतील, तर आता घाला. संगीतासाठीचे वेगळे प्लग मिळतात, त्यांत सगळे सूर सारखेच खाली येतात, गोधडीआडून ऐकल्यासारखं होत नाही. मी बावीस वर्षं ते वापरतोय म्हणून अजून हे काम करू शकतो. माझ्या वयाचे दोन साउंडवाले आता करू शकत नाहीत.

नवऱ्याचं काय? तुम्ही लिहिलंय की दोघं जात होता. म्हणजे त्यालाही उणीव जाणवत असणार. तो बोलला नसेल. पहिल्या वेळी दोघांनी एकत्र जाऊ नका असं मी सुचवतो, आणि हे ऐकून जोडपी नाराज होतात. पण दोघांनी एकत्र जायचं म्हणजे मुलांपाशी तिसरं कुणीतरी हवं, त्याची काळजी हवी, आणि एकत्र गेल्यावर बोलणं मुलांचंच होतं. आम्ही पाच वर्षांनी पहिल्यांदा जोडीने गेलो. समोर उत्तम तबला चालू होता आणि आम्ही तासभर धाकट्याच्या बोबडेपणावर चर्चा केली. एक संध्याकाळ तुमची, एक त्याची, आलटून पालटून. आणि त्याच्या संध्याकाळी तुम्ही घरी असाल तेव्हा त्याला रडका फोटो पाठवायचा नाही हा नियम तुम्हालाही लागू.

लाजेबद्दल फार लिहीत नाही. तुम्हाला मुलं नकोशी झालेली नाहीत, तुम्हाला एक संध्याकाळ हवी आहे. या दोन गोष्टींची गल्लत बाहेरचे लोक करतात, ती तुम्ही करू नका.

माझी बायको अखेर गेली ती मुलगी सव्वातीन वर्षांची असताना. मी सुट्टी टाकून घरी राहिलो. बावीस वर्षांत एका चालू महोत्सवातून काढलेली ती माझी पहिली सुट्टी, आणि मॅनेजरला कारण सांगताना मला उगाच अवघडल्यासारखं झालं. मुलगी दहा वाजेपर्यंत झोपली नाही. मी घामाघूम. बायको अकराला यायची होती, ती दहाला दारात उभी. मी म्हटलं, काय झालं, आवडलं नाही? शेवटचा कलाकार तर आत्ता सुरू झाला असेल. म्हणाली, फार छान होतं, दीड तास एका जागी उभी होते, कुणाशी एक शब्द बोलले नाही, आणि मग मला झोप यायला लागली म्हणून आले. आणि खरंच जाऊन झोपली. कानातले प्लग काढायला विसरली, त्यामुळे रात्री मुलगी उठली तेव्हा तिला ऐकूच गेलं नाही. मीच उठलो.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी कंसात एक ओळ होती: टोळीच्या ग्रुपमधून बाहेर पडू का, निदान फोटो तरी दिसणार नाहीत. बाहेर पडू नका. पुढच्या वर्षीच्या तारखा, कोणत्या दिवसाची तिकिटं उरली आहेत, कोण गाडी नेतंय, हे सगळं तिथेच कळणार आहे. महोत्सवाच्या आठवड्यात ग्रुप म्यूट करा, आणि आजच तिथे लिहून टाका की पुढच्या वर्षी तुम्ही एका संध्याकाळसाठी येताय, कोणती ते लाइनअप जाहीर झाल्यावर सांगाल. त्यातलं कुणीतरी तुमच्यासाठी जागा धरून ठेवेल. डिले टॉवरपासून लांब धरा म्हणावं.